नाजूक वळणाचा फॉन्ट आणि आपली लग्नपत्रिका

मित्रहो, मोर्शी तालुक्यात अक्षरांविषयी बोलताना महानुभाव पंथाचे तीर्थस्थान असलेल्या रिद्धपूरचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. महानुभावांनी पोथ्या हाताने उतरवल्या आणि त्या जपण्यासाठी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्याही वापरल्या. आज मात्र मला बोलायचे आहे ते हस्ताक्षराचा आभास निर्माण करणाऱ्या, बारीक रेघेच्या आणि लांब शेपटाच्या त्या फॉन्टविषयी, जो तालुक्याच्या प्रत्येक डीटीपी केंद्रात लग्नसराईत हमखास मागितला जातो.

बोरूचे टोक तिरपे कापलेले असते, त्यामुळे हात ज्या दिशेला वळेल त्याप्रमाणे रेघ जाड किंवा बारीक होते. युरोपातील टोकदार निबेचे तसे नाही. तेथे खाली येताना दाब दिला की रेघ फुगते आणि वर जाताना ती केसासारखी उरते. आजचे बहुतेक नाजूक फॉन्ट या दुसऱ्या घराण्यातले आहेत, आणि देवनागरीला तो पोशाख चढवताना खरी अडचण शिरोरेषेची येते. रोमन अक्षरे तळाशी हात धरून चालतात, आपली अक्षरे वरच्या दोरीला टांगलेली असतात. मोडी लिहिणाऱ्यांनी यावर फार सुंदर तोड काढली होती : आधी कागदभर रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची. (२०१४ साली मोडीला युनिकोड या संगणकावरील अक्षरांच्या जागतिक मानकात स्थान मिळाले, हे येथील तरुणांनी लक्षात ठेवावे.)

काही रचनाकार ही रेषा वाकवतात, काही तुकड्यांत मोडतात, काही ती काढूनच टाकतात. शेवटचा मार्ग मला पटत नाही. ध आणि घ, भ आणि म यांतील भेद बव्हंशी शिरोरेषेच्या खंडावरच उभा आहे; ती गेली की धामणगावचे घामणगाव होते, आणि मे महिन्यात ते कोणाला खोटेही वाटणार नाही! २०१४ मधलाच ‘कलम’ हा फॉन्ट हस्ताक्षराच्या वळणाचा असूनही सहज वाचता येतो, कारण त्याने ही रेषा सांभाळली आहे; अर्थात त्याला नाजूक म्हणता येणार नाही.

वधूवरांची नावे, बारशाच्या पत्रिकेवरील बाळाचे नाव, सन्मानपत्राचा मथळा, एवढ्यापुरते हे अक्षर मोठ्या आकारात खुलते. पत्ता, तिथी आणि भ्रमणध्वनी क्रमांक यांच्यासाठी ते वापरू नये. माझ्या पुतण्याच्या पत्रिकेत मी हौसेने सगळा मजकूर याच फॉन्टमध्ये बसवला होता. ११ मे की १९ मे, हे विचारणारे फोन आठवडाभर येत राहिले, कारण त्या बारीक रेघेत १ ची गाठ आणि ९ चा वळसा सारखाच दिसत होता.

छपाईचेही भान हवे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये अतिबारीक रेघ जाळीत तुटते, आणि गडद मरून रंगावर पांढरे अक्षर सोडले तर शाई पसरून ती रेघ गिळते. अक्षरांमधले अंतर संगणकावर वाढवण्याचा मोहही आवरावा, कारण त्यामुळे शिरोरेषेचे तुकडे होतात. फ्लेक्ससाठी तर हा फॉन्ट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नमुना रस्त्यापलीकडे धरून दाखवावा आणि मगच ऑर्डर लिहून घ्यावी.