टकल्या राजाचा रुपया

नमस्कार श्रोतेहो. लक्ष्मीपूजनाच्या ताटातला राणी छाप रुपया आठवा. आज त्यावरच्या चेहऱ्याबद्दल, खरं तर चेहऱ्यावरच्या मुकुटाबद्दल बोलू.

१८४० च्या रुपयावर व्हिक्टोरिया तरुण आहे, केस बांधलेत, मुकुट नाही. राज्य कंपनीचं होतं. सत्तावनचा उठाव झाला, कंपनी गेली, आणि १८६२ च्या रुपयावर राणीला मुकुट चढला. १८७७ पासून ती 'क्वीन'ची 'एम्प्रेस' झाली. म्हणजे आधी मोकळं डोकं, मग मुकुट, मग मोठी पदवी. आपल्या शिवराईवर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर, मात्र चेहराच नाही. एकीकडे 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. नाव पुरलं. (आता चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स बघताना मान दुखते, ते असो.)

आमची आजी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. दिवाळीला रुपये चिंच-राखेनं घासायची. चिंच आणि राखच बरं का, बाजारातल्या पावडरीनं चांदी मरते हे माझं ठाम मत. तर, राणीला ती हळदी-कुंकू वाहायची. एका वर्षी हाताला एडवर्डचा रुपया लागला. १९०३ ते १९१० च्या त्या रुपयांवर राजा बोडका आहे, टक्कल लख्ख!

"ह्यो कोण?"

वडील म्हणाले, "राणीचा मुलगा."

"मग आईचा मुकुट कुणी पळवला?"

रुपया खोटाच, म्हणून मला घेऊन ती गुजरीत, सराफांच्या बाजारात, गेली. सराफानं कसोटीवर घासला. "आजी, चांदी खरी आहे."

"चांदी खरी आसंल. राजा खरा न्हाई."

सराफ हसला. त्यानं पंचम जॉर्जचा रुपया पुढे केला. मुकुट, झगा, गळ्यात साखळी, झग्यावर बारीक हत्ती. "या हत्तीची पण गंमत आहे," तो म्हणाला. १९११ च्या पहिल्या रुपयांत हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली, की लोकांना ते डुक्कर वाटलं. गवगवा झाला, रुपये मागं घेतले, आणि १९१२ ला हत्ती नीट कोरून आला. बादशहाच्या चेहऱ्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. अडलं ते झग्यावरच्या बोटभरही नसलेल्या सोंडेवर!

आजीनं जॉर्ज निरखून पाहिला. "ह्यो चालंल," म्हणाली, आणि ताटासाठी घेतला.

आणि एडवर्ड? तो तिनं तिथंच सराफाकडे ठेवला. एक तोळा चांदी होती. पुढच्या माघात आत्याचं लग्न झालं, तेव्हा त्याची जोडवी झाली होती.