पाच बटणं, सहा शिवणी

मित्रहो, युद्धकाळातली फॅशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लष्करी वळणाचे चौकोनी खांदे येतात. मला मात्र आज खांद्यांपेक्षा शिवणीबद्दल बोलायचं आहे.

१ जून १९४१ च्या रविवारी ब्रिटनच्या व्यापार मंडळाचे अध्यक्ष ऑलिव्हर लिटल्टन यांनी रेडिओवरून कपड्यांचं रेशनिंग जाहीर केलं. माणशी वर्षाला ६६ कूपनं. लोकरीच्या ड्रेसला ११ कूपनं, सुती ड्रेसला ७ आणि लांब मोज्यांच्या जोडीला २. पैसे मोजायचे ते वेगळेच. गिरण्या आणि कामगार युद्धाच्या कामाला जुंपले होते, रेशीम पॅराशूटकडे वळलं होतं.

१९४२ मध्ये तर सरकारने थेट बेतण्यातच हात घातला. ड्रेसला बटणं पाचाहून जास्त नकोत, खिसे दोनच, स्कर्टला शिवणी सहापर्यंत, चुण्याही मोजून. निव्वळ शोभेचं भरतकाम बंद. आता डिझायनरच्या जागी उभं राहून विचार करा. झालर नाही, लेस नाही, घेर नाही. मग उरतं काय? उरतो तो कट. टक कुठे घालायचा, कापड आडवं धरायचं की तिरकं, कंबर कुठे आवळायची, सगळी करामत तिथेच. नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीज, डिग्बी मॉर्टन अशा नामवंतांनी याच नियमांत बसणारे 'युटिलिटी' म्हणजे सरकारी योजनेतल्या साध्या, टिकाऊ कपड्यांचे नमुने तयार केले. 'सीसी ४१' या शिक्क्याचे हे कपडे ठरलेल्या दर्जाचे आणि बांधलेल्या किमतीचे असत. उच्चभ्रूंचे कपडे बेतणाऱ्या हातांची सफाई अशी सामान्य बाईच्या अंगावर आली, आणि माझ्या मते त्या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

पण म्हणून सगळं समान झालं असं समजू नका. जिची कपाटं आधीच भरलेली होती तिला ६६ कूपनं पुरून उरत. जिच्याकडे दोनच ड्रेस होते तिची खरी ओढाताण. १९४३ मध्ये सरकारने डागडुजीची पुस्तिका काढली, पण पोटापुरतं कमावणाऱ्या घरांतल्या बायकांना उसवणं, उलटवणं, रफू करणं कुणी शिकवायची गरजच नव्हती. आघाडीवर गेलेल्या नवऱ्याच्या सुटाचा त्या स्वतःसाठी कोट-स्कर्ट करत. पँटचे पाय उसवायचे, झिजलेला गुडघा टाळून स्कर्टच्या कळ्या काढायच्या, शिवण जुन्या इस्त्रीच्या घडीवर येऊ द्यायची नाही. हेसुद्धा डिझाइनच आहे, आणि त्याचा मान त्यांना मिळालाच पाहिजे.

फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसमध्ये ख्रिस्तियान दिओर यांनी भरपूर घेराचे लांब स्कर्ट आणले. ब्रिटनमध्ये रेशन अजून उठायचं होतं, ते उठलं १९४९ मध्ये. एवढं कापड उधळायचं म्हणून तिथे ओरड झाली. बायकांनी मात्र जुन्या स्कर्टना खालून पट्ट्या जोडून लांबी वाढवली. इतकी वर्षं पाच बटणांत काढल्यावर त्यांना घेर हवासा वाटला, यात मला काहीच वावगं दिसत नाही.