हिरवळीतली रतवेल
(बडोद्यातील मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बसा, बसा. पंखा लावा हो कुणीतरी. विषयाआधी एक प्रश्न: आत येताना फाटकाजवळच्या हिरवळीवरून कितीजण चालत आलात? पाच हात दिसतात. म्हणजे तुम्ही पाचजण माझ्या आजच्या उत्सवमूर्तीला तुडवून आलात. घाबरू नका, तिला सवय आहे!

तिचं नाव रतवेल. आपले गुजराती शेजारी रतवेलियो म्हणतात, वैद्य जलपिंपळी म्हणतात. ही कुंडी हातोहात मागे जाऊ द्या. पान खाली पाचरीसारखं निमुळतं, वरच्या अर्ध्या भागातच दाते. लांब देठावर बोंडासारखा तुरा, आणि त्याला खालून वर चढत जाणारं इवल्या फुलांचं कडं. पुढे हा तुरा लांबट होतो आणि पिंपळीच्या फळासारखा दिसतो. भाद्रपदात दूर्वांच्या जुड्या करताना 'हे काय आलं मध्येच' म्हणून तुम्ही जी काडी बाजूला टाकता, ती पुष्कळदा हिचीच.

आता आमच्या सोसायटीची गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या मनातून जात नाही. विश्वामित्रीपासून आम्ही फार लांब नाही. २०२४च्या ऑगस्टअखेरीला नदी शहरात आली, ते तुम्हाला सांगायला नको. मगरींचे व्हिडिओ नातेवाइकांना पाठवण्यात आपण सगळेच गुंतलो होतो. आमच्या आवारात तीन दिवस पाणी होतं. ओसरलं तेव्हा सोसायटीने हौसेने अंथरलेलं कार्पेट लॉन गाळाखाली कुजलं होतं. वास असा की खिडक्या उघडवेनात. आणि पंधरा-वीस दिवसांनी भिंतीकडेच्या गाळातून हिरवे ठिपके वर आले. रतवेल! मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभा राहायचो. दिवाळीपर्यंत खाटेएवढा तुकडा भरला, त्यावर मधमाश्या आणि नखाएवढी निळी फुलपाखरं येऊ लागली. शेजारच्या आजी नातवाला ती दाखवायला आणायच्या.

मग मी एका लग्नाला चार दिवस सुरतेला गेलो. परत येतो तर जमीन उकरलेली. माळी म्हणाला, "काका, आ तो नींदण छे, कमिटीए कह्युं." नींदण म्हणजे तण. त्याचा दोष नाही, त्याला सांगितलं ते त्याने केलं. पण तिथे पुन्हा कार्पेटचे चौकोन बसवले आणि त्यांना रोज पाइपने पाणी सुरू झालं. पुराने फुकट दिलेलं आपण खुरप्याने काढून टाकलं आणि पुरात मेलेलं पैसे देऊन परत आणलं. मला तेव्हा वाईट वाटलं, आजही वाटतं.

ती पुरातून वाचली कशी? वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिला 'नोडिफ्लोरा' म्हटलं, म्हणजे पेरापाशी फुलणारी. आज शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा. पण खरी करामत पेराच्या खालच्या बाजूला आहे. जमिनीला टेकलेलं पेर मुळं धरतं, त्यामुळे वेल मध्ये तुटली तरी तुकडा स्वतंत्र जगतो. घराणं घाणेरीचं, म्हणजे लँटानाचं. घाणेरी अमेरिकेतून आली आणि रानं व्यापून बसली. ही मात्र इथलीच, ओढ्याकाठची, तळ्याकाठची. कमाटीबागेत गेलात तर जिथे पाणी साचतं तिथे वाकून...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, मुख्य विषय तर आता सुरू होतोय! बरं, भरभर सांगतो.

हिरवळ हिचीच करा. पावसाळ्यात तीन-चार पेरांचे तुकडे वीतभर अंतरावर लावा, पेर मातीत दाबा. मुळं धरेपर्यंत पाणी द्या, नंतर हात आखडा. कापणी क्वचित, तीही उंचावरून, नाहीतर फुलं जातील आणि फुलांबरोबर माश्या. ऊन हवंच, दाट सावलीत ती विरळ होते. मुलं अनवाणी खेळतात तिथे लावू नका, मधमाशी पायाखाली येते. वेल वाफ्यात शिरते, म्हणून कडेला विटा पुरा. आणि रोपवाटिकेत 'लिपिया' या हिच्या जुन्या शास्त्रीय नावाने मागितलीत तर कुठली ते विचारा. हिची दक्षिण अमेरिकन बहीण ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांत तण होऊन बसली आहे. आपल्याला ती नको, ओढ्याकाठची आपली हवी.

प्रश्न बाहेर घेतो. दाराशी निळ्या बादलीत ओल्या फडक्यात काड्या आहेत. प्रत्येकी तीन घ्या, आणि आजच लावा, उद्यापर्यंत सुकतील.