मारखा खोरं: पाण्याच्या वेळेनं चालायची वाट

लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. दर रविवारी गड चढणाऱ्यांची ताकद इथे अंगाशी येते. पाय दमत नाहीत, म्हणून माणूस पहिल्याच दिवशी भटकतो आणि रात्री डोकं ठणकायला लागतं. विमानानं आलात तर लेहला तीन रात्री काढा, मगच मारखाची वाट धरा.

चिलिंग हे तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांचं गाव. इथे झंस्कार नदी ओलांडली की मारखा खोरं सुरू होतं. उघडेबोडके डोंगर, आणि मध्येच जवाच्या शेताची हिरवी पट्टी. ती दिसली की गाव आलं: स्क्यू, मारखा, हांकर.

गावाच्या अलीकडे मणी भिंत लागते. चपट्या दगडांवर ‘ओम मणि पद्मे हुम्’ कोरलेलं असतं. भिंतीच्या दोन्ही अंगांना पाऊलवाट असते, कारण जाणारा आणि येणारा, दोघांनीही भिंत उजव्या हाताला ठेवायची. आपण प्रदक्षिणा घालतो तशीच. तिच्यावर टेकू नका, सॅक ठेवू नका, दगड तर मुळीच उचलू नका.

मुक्काम गावकऱ्यांच्या घरी. लोण्याचा खारट गुरगुर चहा प्यायलात की कप पुन्हा भरला जातो. पुरे असेल तर भरलेला कप तसाच राहू द्या.

संडास माडीवर असतो. जमिनीत एक चौकोनी भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती खाली लोटायची. पाणी ओतायचं नाही. आपली सवय नेमकी उलटी, म्हणून चूक इथेच होते. ओलं झालं की कुजणं बिघडतं आणि घाण वास सुटतो. हे खत पुढे त्याच जवाच्या शेतात जातं.

काही ठिकाणी पूल नाही, प्रवाहात उतरावंच लागतं. ते सकाळी उरका. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी गुडघ्याला लागणारं पाणी दुपारनंतर मांडीपर्यंत येऊ शकतं. अनवाणी उतरू नका, पट्ट्यांच्या सँडल घाला. सॅकचा कमरपट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, एका वेळी एकच पाऊल.

हांकर ४,००० मीटरच्या आसपास, निमालिंगचं कुरण सुमारे ४,८००. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, म्हणून मध्ये थाचुंगत्सेला थांबायचं. ही रात्र वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरा. डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या किंवा तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता त्या माणसाला खाली न्या, सोबतीसह.

कोंगमारू ला ही खिंड ५,२०० मीटरच्या वर. पहाटेच निघा. माथ्यावर रंगीत पताका फडफडत असतात. लडाखी वाटाड्या तिथे पोचला की मोठ्यानं म्हणतो, “की की सो सो, ल्हा ग्यालो!” देवांचा जय असो. फार रेंगाळू नका. पलीकडची उतरण अरुंद घळीतून जाते, तिथला ओढा वाटेत पुन्हा पुन्हा आडवा येतो, आणि दुपारी तोही फुगतो.