पिवळा दिवा लुकलुकतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. हिवाळ्यात आपल्याकडची कितीतरी कुटुंबं स्वतःची गाडी घेऊन बर्फ पाहायला मनालीला जातात. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून, रस्ता खुला असला की थेट पलीकडे लाहौलात सिस्सूपर्यंत. त्यांच्यासाठी आज ट्रॅक्शन कंट्रोलबद्दल, म्हणजे गाडी निघताना चाक जागच्या जागी घसरत फिरू न देणाऱ्या यंत्रणेबद्दल सांगायचं आहे.

एका जानेवारीत आम्ही सोलंगहून टॅक्सीने बोगद्याकडे चढत होतो. दुपारी वितळलेला बर्फ टायरांखाली दबून पुन्हा गोठलेला. एका वळणावर रांग थांबली. पुढे जाऊन पाहतो तर एमएच १२, पुण्याची गाडी! डावं चाक कडेच्या बर्फावर, उजवं उघड्या डांबरावर. मागच्या सीटवर आजी आणि दोन मुलं. गृहस्थ अ‍ॅक्सिलरेटर दाबत होते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकत होता, इंजिन मात्र उचल खाईना. "गाडीत दमच नाही," म्हणत त्यांनी ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद केलं. मग काय! डावं चाक गरागरा फिरलं, खालचा बर्फ आणखी गुळगुळीत झाला आणि गाडी हातभर मागे घसरली. आजींनी डोळे मिटून घेतले.

आमचे टॅक्सीचालक कुल्लूचे, पन्नाशीतले. काचेपाशी जाऊन शांतपणे म्हणाले, "भाईसाब, पहले बटन चालू करो." मग चाकं सरळ, दुसरा गिअर, क्लच अलगद, अ‍ॅक्सिलरेटर नावापुरता. दिवा पुन्हा लुकलुकला, खालून करकर आवाज आला आणि गाडी निघाली! पहाडातल्या या माणसांना आपण जेवायला वेगळ्या टेबलावर का बसवतो, मला कधीच कळलेलं नाही. शेजारी बसवा त्यांना. रस्त्याचं खरं ज्ञान त्यांच्याकडे असतं.

आता झालं काय ते ऐका. इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरांचा संच म्हणजे डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलमध्ये बर्फावरचं चाक पेलेल तेवढाच जोर डांबरावरच्या चाकालाही मिळतो. ट्रॅक्शन कंट्रोलला एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरवरून कळतं, की एक चाक मोकाट फिरतंय. मग ते इंजिनचा जोर आवरतं आणि त्या एकाच चाकाला ब्रेक लावतं. करकर आवाज त्याचाच. ते चाक अडलं, की डांबरावरच्या चाकाला जोर मिळतो. नाशिककरांच्या ओळखीच्या बॉश कंपनीने ही यंत्रणा १९८६ मध्ये आणली. आज गाडी घेताना लोक सनरूफ आधी विचारतात, ही आहे का ते कुणी विचारत नाही. विचारा!

लक्षात ठेवा, लुकलुकणारा दिवा म्हणजे बिघाड नाही, काम चालू आहे. दिवा सतत पेटून राहिला, तर यंत्रणा बंद आहे किंवा बिघडली आहे. बर्फात बटण बंद करायची वेळ सहसा एकच, गाडी भुसभुशीत खोल बर्फात रुतली असेल तेव्हा. तिथे चाक थोडं फिरू द्यावं लागतं. बाहेर निघालात, की लगेच चालू करा.

आणि ही यंत्रणा नसलेली पकड निर्माण करत नाही. गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. उतारावर खालचा गिअर ठेवा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा. दोन्ही चाकं काचेसारख्या बर्फावर असतील, तर चाकांना बांधायच्या साखळ्याच हव्यात. मनालीत त्या मिळतात. इंजिनचा जोर ज्या चाकांना जातो, त्यांनाच बांधायच्या. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना, म्हणजे, पुढच्या.