गॅस पास झाला का? : पोटाच्या ऑपरेशननंतरचे पहिले दिवस

(दृश्य : कळव्याच्या खाडीवरून जाणारी लोकल. मग सर्जिकल वॉर्ड, सकाळचा राउंड.)

गॅस पास झाला का?

पोटाचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटला डॉक्टर रोज सकाळी हे विचारतात. बायका पदर तोंडाशी धरतात, पुरुष खिडकीकडे बघतात. सुनेसमोर सासरा बोलत नाही. कुणी लाजेपोटी खोटंच ‘हो’ म्हणून टाकतं. हा खोटा ‘हो’ महागात पडू शकतो, कारण आतडं कसं चाललंय हे पेशंटइतकं कुणालाच कळत नाही.

ठाण्यात सिव्हिल असो की कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शहापूर, मुरबाडपासून दिवा, मुंब्र्यापर्यंतची माणसं इथे येतात. कुणाचं अपेंडिक्स फुटलेलं, कुणाचा हर्निया अडकलेला, कुणाच्या आतड्याची गाठ काढलेली. आजार वेगवेगळे, पण ऑपरेशननंतर सगळेच वाट बघत असतात ती आतडं चालू होण्याची.

पोट उघडलं की आतडं थबकतं. हाताळल्यामुळे त्याच्या स्नायूंना सूज येते. शरीर धोक्याच्या पवित्र्यात असल्याने नसा त्याची हालचाल रोखून धरतात. वेदनेसाठी दिलेली मॉर्फिन, ट्रॅमाडॉलसारखी औषधं त्याला आणखी सुस्त करतात, आणि रक्तातलं पोटॅशियम उतरलं तर त्यात भर पडते. पुन्हा सुरू होतानाही सगळे भाग एकदम होत नाहीत. लहान आतडं साधारण दिवसभरात कामाला लागतं, जठर एक-दोन दिवसांत, आणि मोठं आतडं सगळ्यात शेवटी, ४८ ते ७२ तासांनी. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर बहुधा लवकर. त्यामुळे मोठ्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी गॅस झाला नाही, पण पोट मऊ आहे, उलटी नाही, तर नातेवाइकांनी धीर सोडू नये.

(दृश्य : पलंगाशेजारी सिस्टर. एक आजी, त्यांची सून.)

“आजी, आधी कुशीवर वळा. आता कोपरावर जोर द्या, पोटावर नको. पाय खाली सोडा.”

“माझ्यानं नाही व्हायचं गं बाई.”

“होतंय बघा. उशी पोटाशी धरा. दारापर्यंत जाऊ आणि परत येऊ.”

सुनेच्या एका हातात सलाईनची बाटली, दुसऱ्या हातात लघवीची पिशवी. आजींचे डोळे जमिनीवर. चार पावलांवर त्या थांबतात, खोकतात, उशी पोटाशी घट्ट आवळतात आणि पुढे निघतात.

चालल्यानं आतडं हमखास लवकर सुटतं असा पक्का पुरावा नाही, हे सांगायलाच हवं. पण पोटरीतल्या रक्ताच्या गुठळ्या आणि छातीत साठणारा कफ टाळायचा तर पलंग सोडावाच लागतो. श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं ते यंत्रही त्याचसाठी. ते उशाशी धूळ खात पडलेलं दिसलं की जीव कळवळतो.

पूर्वी गॅस होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही देत नसत. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी हे रिवाज तपासायला घेतले. उपाशी ठेवणं, नाकातली नळी, पडून राहणं, यातलं खरोखर गरजेचं काय? मॉर्फिन कमी करून वेदना दुसऱ्या मार्गांनी आटोक्यात ठेवल्या, लवकर खायला दिलं, लवकर चालवलं, तर मोठ्या आतड्याचा भाग काढलेले पेशंटही दोन-तीन दिवसांत घरी जाऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. आज अनेक ठिकाणी ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी, कधी त्याच संध्याकाळी, पाण्याचे घोट सुरू होतात. मग नारळपाणी, पेज, मऊ भात. काही ठिकाणी च्युइंगगमही देतात. चघळल्यानं जेवण येतंय असा निरोप आतड्याला जातो. फायदा थोडाच, पण खर्चही तेवढाच.

मात्र हे सगळं डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून डब्यातलं जेवण लपवून भरवणं घातक आहे. पोट फुगत चाललंय, उचक्या थांबत नाहीत, हिरवी उलटी झाली, तर खाणंपिणं तिथेच थांबवा आणि सिस्टरना हाक मारा. अशा वेळी नाकातून नळी घालावी लागते. ती काढा म्हणून नातेवाईक गयावया करतात. पण उलटी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं, ते ही नळी टाळते.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते चालू झालेलं आतडं पुन्हा बंद पडलं तर. गॅस होत होता, भात पचत होता, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पोट फुगलं, ताप आला, नाडी धावू लागली, दुखणं वाढलं. आतडं जिथे जोडलंय तिथून गळत असेल, ही शंका तेव्हा पहिली घ्यायची. पेशंट तोवर घरी गेलेलाही असू शकतो. ‘उद्या ओपीडीत दाखवू’ असं म्हणू नका, त्याच रात्री निघा.

जखमेचंही तेच. आठवड्याभरात टाक्यांतून एकाएकी गुलाबी पाणी आलं आणि पट्टी भिजली, तर आतले टाके सुटत असतील. पेशंटला आडवं करा, जखमेवर स्वच्छ ओला कपडा ठेवा, दाबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

(दृश्य : डिस्चार्जचा काउंटर. हातात फाइल.)

घरी गेल्यावर निदान सहा आठवडे हंडा, सिलिंडर, तांदळाचं पोतं उचलायचं नाही. जखमेच्या जागी हर्निया अशानेही होऊ शकतो. आणि डिस्चार्ज कार्ड रद्दीत जाऊ देऊ नका. ऑपरेशननंतर पोटात आतडी एकमेकांना चिकटतात आणि त्यामुळे वर्षांनुवर्षांनीही एखाद्या दिवशी रस्ता अडू शकतो. पोटात कळा, उलट्या, संडास आणि गॅस दोन्ही बंद, असं झालं तर कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, आणि ते कार्ड डॉक्टरांच्या हातात द्या.