खड्डा एकच, दणका वेगळा

नमस्कार मंडळी! लाल डब्याच्या शेवटच्या सीटवर बसून ज्याने घाट उतरलाय त्याला सस्पेन्शन, म्हणजे चाक आणि बॉडीच्या मधली धक्के झेलणारी रचना, काय चीज असते हे वेगळं सांगायला नको, पाठीला माहितीये सगळं. पण तो दणका ड्रायव्हरमुळे नाही बरं का. त्या सीटखाली पाटे असतात, आणि सीट मागच्या चाकांच्याही मागे, म्हणजे सी-सॉच्या टोकावर बसल्यासारखं.

पाटे म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या. ॲम्बेसिडरला मागे पाटेच होते, पद्मिनीलाही, आणि जिप्सीला तर चारही चाकांना. दणकट प्रकार, ओझं टाका किती टाकायचं ते, शिवाय अ‍ॅक्सलला म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्याला जागेवर धरून ठेवायचं कामही तेच करतात. पण भरल्या गाडीसाठी कडक केलेले पाटे गाडी रिकामी असली की दबतच नाहीत, मग रिकामा पिकअप स्पीडब्रेकरवरून उडतो तो असा.

आता तुमची स्विफ्ट, वॅगनआर घ्या, पुढे मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही आयडिया, 1940च्या दशकातली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, चाकाला बॉडीशी जोडणारा वरचा आर्मच नाही, त्यामुळे आडवं इंजिन बसवायला जागा मिळते आणि खर्चही वाचतो. फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टाला मात्र पुढे डबल विशबोन, वर एक आर्म खाली एक, वळणावर बॉडी कलली तरी टायर रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट राहतो. महाग पडतं, जागाही खातं.

मागच्या बाजूला खरी गंमत आहे. छोट्या गाड्यांना बहुतेक टॉर्शन बीम असतो, दोन चाकांमध्ये एक पिळ घेणारा तुळईसारखा तुकडा, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला थोडं कळतं, पण पूर्ण नाही. मल्टिलिंकमध्ये प्रत्येक चाक आपापलं बघतं, आराम मस्त, पण तेवढेच बुश (सांध्यातले रबर) जास्त आणि पुढे बदलायचा खर्चही तेवढाच जास्त. मी तर म्हणेन गावात फिरवायच्या गाडीला टॉर्शन बीम पुरतो, उगाच मल्टिलिंकसाठी जीव टाकू नका.

आणि एक घोळ नेहमीचा, धक्का शॉकअप खातो असं सगळे म्हणतात. धक्का खाते स्प्रिंग, शॉकअप फक्त नंतरचं डुलणं थांबवतो. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा, गाडी वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डुलत राहिली तर शॉकअप गेला समजा. माझ्या गाडीला बारीक खड्ड्यात पुढून टकटक यायची, एका गॅरेजवाल्याने चारही शॉकअप बदलायला सांगितले, दुसऱ्याने गाडीखाली शिरून हाताने हलवून बघितलं तर नुसता लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधला एक छोटा जोडदांडा, ढिला झालेला.